रेल्वे इंजिन कारखान्याचं ऑफिस कसं वाचायचं: स्विंडनची इमारत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आर्किटेक्चरच्या थिसिससाठी व्हिक्टोरियन काळातल्या एखाद्या इंजिन कारखान्याची ऑफिस बिल्डिंग घ्यायची आहे, इंग्लंडमधल्या स्विंडनची निवडलीय, पण गाईड म्हणतात ऑफिसात काय बघायचं, शेड घे, ट्रस (छपराचा त्रिकोणी सांगाडा) घे. आणि फोटो बघितले तर तुम्हाला स्वतःलाही ती नुसती लांबलचक, साधी दगडी इमारत वाटते, मग एवढी वरच्या दर्जाची लिस्टिंग (वारसा-इमारतींच्या सरकारी यादीतली नोंद) कशासाठी, असं विचारलंय. मी कॉन्झर्वेशनमध्ये काम करतो, जुन्या गिरण्या आणि रेल्वेच्या इमारती हाच माझा रोजचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल, वेळ काढून वाचा.

आधीच सांगतो, ऑफिसच घ्या. शेडवर शंभर थिसिस झालेत. शेडमध्ये लोखंड घडतं हे सगळ्यांना दिसतं, पण कुठल्या मापाचं घडायचं, किती घडायचं, कुणी, किती मजुरीवर, आणि मागच्या वर्षीच्या इंजिनाचा पार्ट ह्या वर्षीच्या इंजिनाला बसणार का, हे सगळं ठरायचं ऑफिसात, कागदावर. कारखाना वाढला की कागद वाढतो आणि कागद वाढला की त्याला जागा लागते, खिडक्या लागतात, माणसं लागतात. स्विंडनच्या ऑफिसात ही वाढ टप्प्याटप्प्याने दगडात दिसते, आणि माझ्या मते त्या इमारतीची खरी किंमत ह्या थरांमध्ये आहे, नुसतं "ब्रुनेलच्या काळातली" म्हणण्यात नाही.

आता मुळापासून. ग्रेट वेस्टर्न रेल्वे, लंडन ते ब्रिस्टल, कायदा झाला १८३५ ला, चीफ इंजिनियर इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल. त्याने गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, घेतला सात फूट पाव इंच, बाकी देश चार फूट साडेआठ इंचावर. इंजिनांची जबाबदारी दिली डॅनियल गूचला, १८३७ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा पोराचं वय वीस. एकवीस पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. त्याच्या हातात आलेली इंजिनं म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांनी ब्रुनेलच्या अटी सांभाळत आपापल्या डोक्याने बनवलेली, एकाचा पार्ट दुसऱ्याला बसत नाही, निम्मी सतत बंद. त्यातल्या त्यात भरवशाचं एकच, रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यातलं 'नॉर्थ स्टार', आणि ते मुळात न्यू ऑर्लिन्सच्या रेल्वेसाठी साडेपाच फूट गेजचं बनवलेलं (आपल्याकडचा ब्रॉड गेज तोच), ती ऑर्डर फिसकटली म्हणून बदल करून ग्रेट वेस्टर्नला विकलं.

गूचने ह्यातून काय धडा घेतला ते तुमच्या थिसिसचं पहिलं प्रकरण होऊ शकतं. त्याने स्वतःचं एक डिझाइन तयार केलं, फायरफ्लाय क्लास, ड्रॉइंगच्या कामात त्याच्याबरोबर थॉमस क्रॅम्प्टन होता, जो पुढे स्वतःच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध झाला. मग ते ड्रॉइंग लिथोग्राफ करून (म्हणजे छापून) आणि महत्त्वाच्या भागांसाठी लोखंडी पत्र्याचे टेम्प्लेट, म्हणजे मापाचे नमुने, कापून कंपन्यांना दिले, की ह्या मापाचंच पाहिजे. १८४० ते १८४२ ह्या काळात सात कंपन्यांकडून अशी ६२ इंजिनं आली. म्हणजे बघा, स्वतःचा कारखाना चालू व्हायच्या आधी ह्या कंपनीकडे ड्रॉइंग ऑफिस होतं आणि ते काम करत होतं. ऑफिस हे कारखान्याचं शेपूट असतं असं जे आपण धरून चालतो ते इथे सरळ उलटं आहे.

जागा स्विंडन का, तर १३ सप्टेंबर १८४० चं गूचचं ब्रुनेलला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. चेल्टनहॅमकडे जाणारा फाटा तिथेच निघणार होता, शेजारून कालवा जात होता म्हणजे सॉमरसेटचा कोळसा, कोक स्वस्तात येणार, आणि लंडनपासून तिथपर्यंत लाईन जवळजवळ सपाट तर पुढे ब्रिस्टलच्या बाजूला चढउतार जास्त, म्हणून इंजिन बदलायला तीच जागा सोयीची. ब्रुनेल सँडविच खात होता, ते जिथे टाकलं तिथे कारखाना झाला ही गोष्ट तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल, ती थिसिसमध्ये घालू नका, दंतकथा आहे. जुनं स्विंडन गाव लांब टेकडीवर, जेमतेम अडीच हजार वस्तीचं, खाली लाईनच्या बाजूला शेतं.

कंपनीकडे पैसे नव्हते हेही लक्षात ठेवा, इमारती साध्या का आहेत ह्याचं अर्धं उत्तर तिथे आहे. स्टेशन आणि कामगारांची घरं बांधायला रिग्बी नावाचे कंत्राटदार घेतले, त्यांनी आपल्या खर्चाने बांधायचं आणि बदल्यात स्टेशनवरच्या खाण्यापिण्याच्या खोल्या त्यांना वर्षाला एक पेनी भाड्याने, वर अशी अट की नेहमीची प्रत्येक प्रवासी गाडी तिथे साधारण दहा मिनिटं थांबणार. ती अट कंपनीच्या गळ्यात इतकी बसली की १८९५ ला एक लाख पौंड मोजून सोडवून घ्यावी लागली! ज्या कंपनीने पैसे वाचवायला असा करार केला ती कारखान्याच्या ऑफिसवर कमानी आणि पुतळे चढवणार नव्हती हे उघड आहे.

कारखाना अधिकृतपणे सुरू झाला जानेवारी १८४३ मध्ये. जागा मुख्य लाईन आणि चेल्टनहॅमची लाईन ह्यांच्या बेचक्यात, दक्षिणेला रुळांपलीकडे रेल्वे व्हिलेज, म्हणजे कामगारांच्या घरांच्या रांगा. सुरुवातीची मापं ऐका: गाड्यांच्या इंजिनांची शेड ४९० फूट लांब, ७२ फूट रुंद, ४८ इंजिनं मावतील एवढी, तिला काटकोनात दुरुस्तीची मोठी शेड २९० बाय १४० फूट. पहिला वर्क्स मॅनेजर आर्चिबाल्ड स्टुरॉक, गूच त्याच्या वर. आणि ह्या सगळ्याला लागून, मुख्य लाईनच्या बाजूला तोंड करून, ऑफिस. १८४२ च्या सुमाराचं ते मूळ बांधकाम दोन मजली.

ब्रुनेलची इमारत असं सर्रास लिहितात. कारखान्याचा एकंदर आराखडा ब्रुनेल आणि गूच ह्या दोघांच्या विचारातून आलेला, ते बरोबर, पण ब्रुनेलच्या हाताखाली सहाय्यकांचं मोठं ऑफिस होतं, तेव्हा प्रत्येक खिडकीची चौकट त्याने स्वतः काढली असं गृहीत धरून पानं भरू नका. परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

आता इमारत कशी वाचायची. पहिली गोष्ट, ती कुठे उभी आहे. लाईनच्या दक्षिणेला राहणारे कामगार उत्तरेला कामावर कसे येणार, तर रुळांखालून बोगदा आहे, तो घरांच्या बाजूने आत शिरतो आणि ऑफिसच्या जवळ वर येतो. भोंगा वाजला की हजारो माणसं ह्या बोगद्यातून एकदम यायची, प्रत्येकाचा पितळी बिल्ला, तो वेळेत टाकला की हजेरी, उशीर झाला की मजुरी कापली. (भोंग्याचा आवाज एवढा लांब जायचा की १८७० च्या दशकात जवळच्या एका लॉर्डने झोपमोड होते म्हणून सरकारदरबारी तक्रार केली, आणि अख्खं गाव भोंग्याच्या बाजूने उभं राहिलं.) म्हणजे ही इमारत दाराशी बसलेली आहे. माणूस आत येताना तिच्यासमोरून जातो, वरच्या खिडकीतून साहेबाला अख्खी पाळी आत येताना दिसते. प्लॅनवर फक्त इमारत काढलीत तर हे कळणारच नाही, म्हणून तुमचं पहिलं ड्रॉइंग साइट प्लॅन असू दे, त्यात बोगदा, रूळ, घरं, शेड सगळं पाहिजे आणि माणसांची वाट वेगळ्या रंगात दाखवा.

तिथेच भिंतीवर दगडात कोरलेली इंजिनं आहेत, ब्रॉड गेजची, फायरफ्लाय प्रकारची. ती मुळात जुन्या इंजिन शेडवर होती, शेड पाडल्यावर इथे आणून बसवली. फोटो काढणारा प्रत्येक जण ह्याच शिल्पांचा काढतो, पण तुम्ही लिहिताना हे नक्की लिहा की ती मूळ दर्शनी भागाचा हिस्सा नव्हती. पाडलेल्या शेडची आठवण ऑफिसने सांभाळली हे स्वतंत्रपणे महत्त्वाचं आहे, फक्त ती १८४२ च्या खात्यात मांडू नका.

दुसरी गोष्ट, दगड. भिंती चुनखडीच्या दगडाच्या, कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटींना घडीव, गुळगुळीत दगड. बाथच्या आसपासचा जो पिवळसर दगड आहे तो खाणीतून निघाला की मऊ असतो, करवतीने कापता येतो, हवेत राहिला की वरचा थर कडक होतो. पण कोळशाच्या धुरात गंधक असतं, ते पावसात मिसळून चुनखडीवर बसलं की तिचं जिप्सम होतं आणि त्यात काजळी अडकते, काळी खरबरीत साल तयार होते. जिथे पाऊस सरळ धुतो तिथे दगड पांढरा, जिथे छज्जाखाली पाणी पोचत नाही तिथे काळा. इंजिनं धूर ओकतायत त्याच्या शेजारी ही इमारत शंभराहून जास्त वर्षं उभी होती, अशा इमारतीवरचे काळे पट्टे म्हणजे नुसती घाण नसते, वारा कुठून यायचा, धूर कुठे साचायचा ह्याची नोंद असते. साफ करायचंच तर पाण्याचा हलका फवारा किंवा लेप लावून, आणि वाळूचा मारा करून कधीच नाही, कारण ती साल निघताना खालचा दगड घेऊन जाते. तसंच सांधे चुन्यानेच भरायचे. मऊ दगडात सिमेंटचं पॉइंटिंग केलं की पाणी सांध्यातून बाहेर पडायच्या ऐवजी दगडातून पडतं आणि दगड सोलत जातो. आपल्याकडेही मुंबईच्या जुन्या इमारतींत पोरबंदरच्या दगडाचं हेच झालेलं दिसतं, कारण तोही चुनखडीच.

तिसरी गोष्ट खिडक्या, आणि ह्यावर मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात जास्त वेळ घालवला असता. १८४२ मध्ये इंग्लंडात काचेवर अबकारी कर होता, तो उठला १८४५ ला, आणि खिडक्यांवरचा कर उठला १८५१ ला. त्याआधीच्या इमारतीत काचा लहान, एका खिडकीत बारा-सोळा तुकडे, मध्ये बारीक लाकडी पट्ट्या. नंतरच्या कामात काचा मोठ्या होत जातात. म्हणून इंग्लंडातली ह्या काळातली कुठलीही इमारत असो, खिडकीच्या एका काचेचं माप घ्या आणि मजल्यानुसार, भागानुसार टेबल करा, वाढीव काम कुठून सुरू झालं त्याचा अंदाज कागदपत्रं न बघताही येतो. चौकटी बदललेल्या असू शकतात, म्हणून त्याच्या जोडीला दगडी उघाडाचं माप आणि उंची-रुंदीचं प्रमाण घ्या, ते सहसा बदलत नाही. आणि भिंतीत सरळ उभी सांध्याची रेघ कुठे आहे ते शोधा, जिथे दोन बाजूंचे दगडाचे थर एकमेकांत गुंतलेले नाहीत तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालेलं असतं.

ह्या इमारतीचे मोठे टप्पे ढोबळमानाने तीन: १८४२ च्या सुमाराचं मूळ, मग १८७० च्या आसपासची वाढ, आणि १९०४ च्या आसपास चढवलेला तिसरा मजला. ह्या तारखा नुसत्या पाठ करू नका, प्रत्येक वेळी कारखान्यात काय घडत होतं ते बघा.

गूचने १८६४ ला ते पद सोडलं, त्याच्या जागी जोसेफ आर्मस्ट्राँग आला वुल्व्हरहॅम्प्टनहून. तोपर्यंत ग्रेट वेस्टर्नने छोट्या गेजच्या रेल्वे गिळल्या होत्या, म्हणजे दोन गेजची इंजिनं, दुप्पट ड्रॉइंग, दुप्पट स्टोअरचे हिशेब. त्यात १८६८-६९ च्या सुमारास डब्यांचा कारखानाही स्विंडनलाच आणला. एका साहेबाच्या हाताखाली इंजिनं, डबे, वॅगन सगळं. पगारपत्रकं, कच्च्या मालाची मागणी, कामगारांच्या दवाखान्याच्या फंडाची वर्गणी (हा फंड १८४७ पासूनचा, पुढे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आखताना ह्याच्याकडे बघितलं गेलं), सगळं कारकुनांच्या हातून, शाईने, मोठ्या चोपड्यांत. तेव्हा ऑफिस आडवं वाढलं ह्यात नवल नाही, कारकुनाला टेबल लागतं आणि टेबलाला खिडकी लागते. गॅसचा उजेड मिळायचा पण त्याने खोली तापायची, हवा कोंडायची, आणि कागदाच्या ढिगाऱ्यात उघडी ज्योत कुणाला नको असते, म्हणून अशा इमारती अरुंद आणि लांब असतात, दोन्हीकडून दिवसाचा उजेड आत यावा म्हणून. तुम्हाला फोटोत जी लांबलचक साधी इमारत वाटली ती ह्या कारणाने लांबलचक आहे.

तिसरा मजला मला सगळ्यात आवडतो. १९०२ ला जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड प्रमुख झाला, त्याआधीचा प्रमुख विल्यम डीन, त्याच्या हाताखाली असतानाच त्याने इंजिनांचे मोजके स्टँडर्ड प्रकार ठरवले होते, बॉयलर, सिलेंडर, चाकं ठराविक मापांचीच आणि त्यांचीच वेगवेगळी जुळवणी करून वेगवेगळ्या कामाची इंजिनं. फ्रान्सहून एक कंपाउंड इंजिन (तीच वाफ एकामागून एक दोन सिलेंडरांत वापरणारं) मागवलं १९०३ ला, अमेरिकन पद्धतींचा अभ्यास केला, १९०४ ला स्विंडनमध्ये इंजिन जागेवरच रोलरवर चालवून मोजमाप घ्यायचा टेस्टिंग प्लांट बसवला, ब्रिटनमधला पहिला. आता विचार करा, स्टँडर्ड पार्ट म्हणजे काय, तर एक ड्रॉइंग दहा प्रकारच्या इंजिनांना लागू, म्हणजे त्या ड्रॉइंगमध्ये एक चूक राहिली तर ती दहा ठिकाणी जाणार, म्हणून ड्रॉइंग तपासायला जास्त माणसं, प्रती काढायला जास्त माणसं, नंबर टाकून जपून ठेवायला जागा. आणि नेमकं तेव्हाच इमारतीवर अख्खा नवा मजला चढतो आणि तिथे ड्रॉइंग ऑफिस जातं. गूचने साठ वर्षांपूर्वी पत्र्याच्या टेम्प्लेटने जे सुरू केलं त्याला शेवटी स्वतःचा मजला मिळाला, असं मी त्याच्याकडे बघतो. १९०७ ची स्टार, १९२३ ची कासल, १९२७ ची किंग, ह्या सगळ्या इंजिनांमागचे कागद ह्याच ऑफिसातले.

ड्रॉइंग ऑफिस सगळ्यात वर का, हे तांत्रिकदृष्ट्याही लिहा. वर उजेड जास्त, धूळ आणि वर्दळ कमी. आणखी एक कारण म्हणजे प्रती. आधी प्रत्येक प्रत हाताने काढायची, रंग भरून: बिडाला राखाडी, घडीव लोखंडाला निळा, पितळेला पिवळा, तांब्याला लालसर, लाकडाला तपकिरी, म्हणून ती जुनी ड्रॉइंग इतकी देखणी असतात. ब्लूप्रिंटची रासायनिक कृती जॉन हर्शेलने शोधली १८४२ मध्ये, म्हणजे ही इमारत बांधली गेली त्याच सुमाराला, पण कारखान्यांत ती रुळली १८७० नंतर. त्यासाठी खळीच्या पारदर्शक कापडावर शाईने ट्रेसिंग करायचं, ते फ्रेममध्ये रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचं आणि उन्हात धरायचं. इंग्लंडच्या उन्हात! त्यामुळे वीज येऊन आर्क दिवे येईपर्यंत प्रती काढणं म्हणजे आकाशाकडे डोळे लावून बसणं, आणि त्यासाठीही वरचा मजला बरा. ड्रॉइंग काढणारे पुरुष, आणि विसाव्या शतकात ट्रेसिंगच्या कामावर रेल्वे कारखान्यांत मुली बसायला लागल्या. कोण कुठल्या जिन्याने वर जायचं, कुठल्या दाराने आत यायचं, हे असल्या इमारतींच्या प्लॅनमध्ये शोधण्यासारखं असतं.

स्ट्रक्चरच्या बाजूने एक वाक्य. वाड्यावर मजला चढवताना आपण जसं खालच्या भिंतीकडे बघतो तसंच इथे झालं असणार, १८४० च्या दशकातल्या दगडी भिंती भरपूर जाड, त्यांच्यात भार घ्यायची ताकद उरलेली असते, प्रश्न येतो पायाचा आणि मधल्या मजल्यांच्या लांब गाळ्यांचा. मूळ काळात हाताशी असायच्या लाकडी तुळया आणि बिडाचे खांब, १९०४ पर्यंत रोल्ड स्टीलचे जॉइस्ट (तुळया) बाजारात सहज मिळायला लागले होते. छताच्या वर डोकं घालायची परवानगी मिळाली तर मजल्यामजल्यावर कुठलं मटेरियल आहे एवढी एकच नोंद करा, अर्ध्या थिसिसचं काम तिथे होतं.

तुलनेसाठी दोन-तीन इमारती सांगतो, म्हणजे साधेपणाचा मुद्दा नीट उभा राहील. ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीचं ऑफिस आहे, १९०९ चं, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गेल्यानंतरचं, आर्किटेक्ट जेम्स मिलर, लाल सँडस्टोन, दारावर कोरलेलं इंजिन, आत भपका. कारण ती कंपनी इंजिनं विकायची, जगभरचे गिऱ्हाईक त्या दारातून आत यायचे, आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूजी क्लासची पहिली इंजिनंही १९५० च्या सुमारास त्याच कंपनीने बनवली. पहिल्या महायुद्धात तिथे रेडक्रॉसचं हॉस्पिटल होतं. स्विंडन स्वतःच्याच रेल्वेसाठी बनवत होतं, त्याला कुणावर छाप पाडायची नव्हती. डर्बीला नॉर्थ मिडलँड रेल्वेचं १८३९ चं राउंडहाउस (इंजिनांची गोल शेड) आणि घड्याळाच्या मनोऱ्याचं ऑफिस आहे, आज तिथे कॉलेज भरतं. आणि आपल्याकडचं बघायचं तर मुंबईचं सीएसएमटी, १८७८ ते १८८८ मध्ये फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेलं, आपण त्याला स्टेशन म्हणतो पण त्या घुमटाखालचा सगळा भाग जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं हेड ऑफिस म्हणून बांधलेला. त्याच कंपनीचं परळचं वर्कशॉप साधारण त्याच काळातलं, १८७९ चं. एकाच कंपनीने हेड ऑफिसवर काय खर्च केला आणि वर्कशॉपच्या बाजूला काय, ही तुलना मराठीत कुणीतरी नीट करायला पाहिजे, तुम्ही केलीत तर मला फार आनंद होईल.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९२०-३० च्या काळात स्विंडन कारखान्यात चौदा हजारांच्या आसपास माणसं, आवार तीनशे एकरांच्या घरात. १९४८ ला रेल्वे सरकारी झाली, १९६० च्या मार्चमध्ये ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन 'इव्हनिंग स्टार' इथूनच बाहेर पडलं, १९६५ नंतर नवं इंजिन बनवणं बंद, फक्त दुरुस्ती. १९८५ ला ग्रेट वेस्टर्नची दीडशे वर्षं साजरी व्हायची होती आणि त्याच वर्षी कारखाना बंद करायची घोषणा झाली, स्विंडनच्या लोकांना ते अजून लागतं, आणि लागणारच, चार-चार पिढ्या एकाच भोंग्यावर उठलेल्या घरांचं ते गाव. मार्च १९८६ ला भोंगा शेवटचा वाजला.

मग ऑफिसचं काय झालं, हा तुमच्यासाठी दुसरा महत्त्वाचा भाग. १९९४ पासून तिथे देशाचं राष्ट्रीय वास्तू-अभिलेखागार आलं, आज ती इमारत हिस्टॉरिक इंग्लंडकडे आहे, नाव इंजिन हाउस, लिस्टिंग ग्रेड टू स्टार, म्हणजे तीन दर्जांतला वरून दुसरा. बाजूच्या शेडमध्ये आउटलेट मॉल झाला, कारखान्याच्या एका जुन्या वर्कशॉपमध्ये रेल्वेचं म्युझियम. मला पुनर्वापराची जी उदाहरणं पटतात त्यात हे वर आहे, कारण इमारतीला जवळजवळ तिच्याच स्वभावाचं काम मिळालं, टेबलावर कागद पसरून खिडकीच्या उजेडात बघणं. आणि एक शहाणपणाचा निर्णय म्हणजे अभिलेख साठवायचं कोठार शेजारी नवं, वेगळं बांधलं. ऑफिसच्या मजल्याचा डिझाइन लोड साधारण अडीच किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरतात, फायलींनी भरलेली सरकती रॅक ठेवली की तो साडेसातच्या पुढे जातो, शिवाय जुन्या फोटोंच्या निगेटिव्हना थंड, कोरडी, एकसारखी हवा लागते. हे सगळं जुन्या इमारतीत कोंबलं असतं तर मजले फोडून स्टील घालावं लागलं असतं आणि दगडी भिंतीच्या आत इन्सुलेशन, व्हेपर बॅरियर (बाष्प अडवणारा पडदा) लावून तिचा श्वास बंद करावा लागला असता. जड आणि हट्टी गरज नव्या इमारतीत, माणसं जुन्या इमारतीत, ही वाटणी तुमच्या डिझाइन प्रपोजलमध्ये जशीच्या तशी वापरता येईल, मग जागा परळ असो की दुसरं कुठलं वर्कशॉप.

साइटवर जायला मिळालं तर फोटोच्या आधी जिना बघा. मजल्यामजल्याला पायरीची उंची बदलते का, दगड जाऊन काँक्रीट किंवा लोखंड कुठे येतं, कठडा कुठे बदलतो, कुठल्या मजल्यापर्यंत पायऱ्या जास्त झिजल्यात, हे सगळं मोजा. जायला नाही मिळालं तरी हताश होऊ नका, ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) मैलाला पंचवीस इंच स्केलचे जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट बघता येतात, इंग्लंडचेही आहेत, स्विंडनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या एकावर एक ठेवून ऑफिसच्या जमिनीवरच्या आकारात काय बदललं ते आधी ट्रेस करा. तिसरा मजला मात्र नकाशात दिसणार नाही, त्यासाठी जुने फोटो लागतील, आणि फोटोत छपराची रेघ बघायची, खिडक्या नंतर.